खरेदी आणि खर्चाचं इंग्रजी: 'पे', 'पे फॉर', 'पे ऑफ' यांतला फरक वर्गात कसा समजावायचा?

गिरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जळगावात संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. फुले मार्केट आणि गोलाणीत काउंटर सांभाळणारी मुलं आहेत, विद्यापीठात शिकणाऱ्या मुली आहेत, आणि परदेशी मुलांकडे जाऊन राहणाऱ्या काकूही आहेत. पुढचा महिना 'खरेदी आणि खर्च' या विषयाला द्यायचा आहे.

अडचण यादीची आहे. तयार याद्यांमध्ये 'शेल आउट', 'फोर्क आउट', 'स्प्लॅश आउट' या तिघांपुढे एकच अर्थ दिलेला असतो: खर्च करणे. 'पे बॅक', 'पे ऑफ', 'पे अप' यांच्यापुढे पैसे देणे. मुलं यादी घडाघडा म्हणतात आणि बोलायची वेळ आली की 'आय पेड द शर्ट', 'कॅन आय ट्राय ऑन इट', 'आय पेड ऑफ द शॉपकीपर' अशी वाक्यं येतात.

तीन गोष्टी हव्या आहेत. एक, अर्थच्छटा मराठीतून कशा पोचवाव्यात. दोन, 'इट' मधे कधी घालायचं आणि मागे कधी ठेवायचं, याची तोंडी चालेल अशी खूण. तीन, दुकानात उभं राहिल्यावर खरोखर लागणारे शब्द कोणते.

भुसावळ_व्याकरण

ताई, सुरुवात मराठीपासून करा. ही सोय आपल्याकडे रोजच्या वापरात आहे. 'देणं' वेगळं, 'देऊन टाकणं' वेगळं, 'देऊन बसणं' वेगळं. 'कर्ज फेडलं' आणि 'कर्ज फेडून टाकलं' यांत रक्कम एकच असेल, पण दुसऱ्यात सुटका आहे, शेवटचा हप्ता गेल्याचा निःश्वास आहे. तो 'टाकलं'ने आणला आणि तिथे कुणी काहीही फेकलेलं नाही. 'पे बॅक' आणि 'पे ऑफ' यांतलं अंतर बरंचसं हेच. मुलांना 'ऑफ म्हणजे काय' असं एकट्या शब्दाचं विचारूच नका. जोडी म्हणून ऐकवा.

आता 'पे' नीट लावून घ्या, कारण निम्म्या चुका तिथेच आहेत. 'पे'नंतर थेट येतो तो माणूस, रक्कम किंवा देणं, म्हणजे बिल, भाडं, फी, दंड, कर. वस्तू किंवा काम आलं की 'फॉर' लागलाच पाहिजे. एकाच वाक्यात तिन्ही जागा दाखवता येतात: 'आय पेड द टेलर फाइव्ह हंड्रेड फॉर द ब्लाउज'. शिंप्याला, पाचशे, ब्लाउजचे. हे वाक्य फळ्यावर लिहून एकेक भाग पुसत जा, म्हणजे कोणता भाग गेला तरी 'फॉर द ब्लाउज' मधला 'फॉर' जात नाही हे डोळ्यांना दिसतं. याची उलटी चूकही होते. 'फॉर' शिकवला की मुलं 'आय पेड फॉर द बिल' म्हणू लागतात. बिल हे देणंच आहे, ते थेट 'पे द बिल'. जेवणाचे मात्र 'पे फॉर द मील'.

'पे बॅक' उसन्या पैशांना. 'आय विल पे यू बॅक ऑन फ्रायडे.' माणूस मधे. 'पे ऑफ' कर्ज, हप्ते, उधारीची शिल्लक पूर्ण संपवायला. आणि इथे तुमच्या मुलांचं 'आय पेड ऑफ द शॉपकीपर' हे वाक्य चुकीच्याही पुढे जातं: 'पे ऑफ'पुढे माणूस आला की अर्थ होतो लाच देऊन तोंड बंद करणं, किंवा हिशेब चुकता करून कामावरून काढणं. मुलाखतीत कुणी 'आय पेड ऑफ माय टीचर' म्हणालं तर ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातील. दुकानदाराची उधारी मिटवली असं म्हणायचं तर 'आय पेड ऑफ व्हॉट आय ओड हिम' किंवा सरळ 'आय सेटल्ड अप विथ हिम'.

'पे अप' म्हणजे टाळाटाळ चालली होती आणि तगाद्यानंतर पैसे निघाले. त्याला पुढे वस्तू लागत नाही: 'ही फायनली पेड अप'. 'पे आउट' बहुधा संस्था करते, विमा कंपनी, बक्षिसाची योजना. घरातल्या माणसाने भाजीसाठी 'पे आउट' केलं असं सहसा कुणी म्हणत नाही.

खर्चाच्या छटा अशा बसवा. 'स्प्लॅश आउट ऑन' म्हणजे हौसेनं, सढळ हाताने. लग्नातली पैठणी, दिवाळीचा मोठा टीव्ही. खर्च करणारा खुशीत आहे. हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग, अमेरिकेत 'स्प्लर्ज ऑन' जास्त. 'शेल आउट' आणि 'फोर्क आउट' म्हणजे मोजावे लागले. आपण म्हणतो ना, 'गाडी दुरुस्तीला चार हजार मोजले'. त्या 'मोजले'तली कुरकुर या दोघांत आहे. 'कफ अप' आणखी एक पायरी पुढे, समोरचा दबाव आणतोय आणि पैसे काढावे लागतायत. 'ब्लो' म्हणजे उडवणं, एका झटक्यात: 'ही ब्लू हिज होल बोनस ऑन अ फोन'. 'फ्रिटर अवे' म्हणजे किडुकमिडुकात पैसा कधी गेला ते कळलंच नाही. 'गो थ्रू' म्हणजे भराभर संपवणं.

वर्गातला सराव असा: एकच खर्च घ्या, समजा वीस हजारांचा फोन. घेणारा हौशी असेल तर कोणता शब्द, जुना फोन फुटला म्हणून नाइलाजाने घेतला असेल तर कोणता, आई रागावून सांगत असेल तर कोणता. रक्कम तीच ठेवून माणूस बदलत गेलं की फरक कायमचा बसतो.

आणि हे सगळे घरगुती बोलीतले शब्द आहेत. बँकेला, कंपनीला पत्र लिहिताना 'शेल आउट' नको. तिथे 'पे', 'स्पेंड', 'रिपे'.

भुसावळ_व्याकरण

'इट'च्या जागेबद्दल वेगळं लिहितो, कारण याची खूण कानाने पकडता येते आणि ती फारशी शिकवली जात नाही.

वाक्य मोठ्याने म्हणा आणि जोर कुठे पडतो ते ऐका. 'ट्राय इट ऑन' म्हणताना जोर 'ऑन'वर. 'टेक इट बॅक' मधे 'बॅक'वर. 'पे इट ऑफ' मधे 'ऑफ'वर. उलट 'पे फॉर इट' म्हणताना जोर 'पे'वर असतो आणि 'फॉर' जवळजवळ गिळला जातो. 'लुक फॉर इट', 'लिव्ह ऑन इट' तसंच. मागच्या शब्दावर जोर येत असेल आणि त्या क्रियेला कर्म असेल, तर 'इट', 'देम', 'हिम' मधेच घालायचं. जोर येत नसेल तर ते शेवटी. 'डिप इंटू', 'कम टू' हेही न फुटणारे: 'इट कम्स टू सिक्स फॉर्टी', बस.

मधे घालण्याची सक्ती फक्त सर्वनामाला आहे. नाव असेल तर दोन्ही चालतं: 'ट्राय ऑन द शर्ट', 'ट्राय द शर्ट ऑन'. नाव लांबलचक असेल तर मागे ठेवणंच बरं, नाहीतर 'टेक द मिक्सर वी बॉट लास्ट वीक बॅक' असं होतं आणि 'बॅक' येईपर्यंत ऐकणारा वाट बघत राहतो.

तीन शब्दांच्या जोड्या फोडायच्या नाहीत: 'रन आउट ऑव्ह', 'कट बॅक ऑन', 'स्टॉक अप ऑन', 'स्प्लॅश आउट ऑन'. कर्म शेवटी. कर्म क्रिया असेल तर तिला 'इंग': 'कट बॅक ऑन ईटिंग आउट'. इथे मुद्दाम 'ऑव्ह' लिहिलंय. 'ऑफ'चा शेवट 'फ', 'ऑव्ह'चा 'व्ह'. देवनागरीत दोन्ही 'ऑफ' लिहायची सवय आहे आणि त्यामुळे 'नॉक ऑफ' आणि 'रन आउट ऑव्ह' मधले दोन वेगळे शब्द मुलांना एकच वाटतात.

दोन हट्टी जोड्या उरतात. 'सेट बॅक' आणि 'टाइड ओव्हर' यांत माणूस मधेच बसतो. 'द फ्रिज सेट अस बॅक ट्वेंटी टू थाउजंड', म्हणजे फ्रिज आम्हाला बावीस हजारांना पडला. कर्ता वस्तू आहे, आणि आपलं 'पडला' अगदी याच रचनेचं: वस्तू कर्ता, माणूस 'ला' लावून. पैशांच्या या अर्थाने याचं कर्मणी रूप सहसा करत नाहीत. 'टाइड ओव्हर' म्हणजे मधली नड भागवणं: 'फाइव्ह थाउजंड विल टाइड अस ओव्हर टिल द कॉटन इज सोल्ड'. कापूस विकेपर्यंत पाच हजारांत निभेल. खान्देशात हे वाक्य शिकवायला दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

नामं झाली की जोर पुढे सरकतो. क्रिया 'रिप ऑफ' मधे जोर 'ऑफ'वर, नाम 'रिप-ऑफ' मधे 'रिप'वर. 'चेकआउट', 'ट्रेड-इन', 'मार्कडाउन' सगळे तसेच.

काउंटर_धुळे

भुसावळच्या सरांनी पाया घातलाय. मी आग्रा रोडवरच्या कापड दुकानाच्या अंगाने लिहितो, गिऱ्हाईक आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत जे लागतं तेवढंच.

आत येताच 'जस्ट लुकिंग' किंवा 'जस्ट ब्राउझिंग, थँक्स'. म्हणजे सध्या बघतोय, मागे लागू नका. काउंटरवरच्या मुलाने 'व्हॉट डू यू वॉन्ट?' म्हणू नये, ते दरडावल्यासारखं होतं. 'आर यू लुकिंग फॉर एनीथिंग इन पर्टिक्युलर?' म्हणावं. आणि खरेदीला जातो या अर्थी 'आय ॲम गोइंग फॉर मार्केटिंग' हे बंद करा. बाहेर 'मार्केटिंग' म्हणजे जाहिरात-विक्रीचं काम. 'गो शॉपिंग' म्हणायचं, मधे 'टू' नाही. घरचा किराणा-भाजी असेल तर 'डू द शॉपिंग'.

अंगावर घालून बघायचं ते 'ट्राय ऑन': कपडा, चप्पल, अंगठी, चष्मा. मिक्सर, सायकल, फोन चालवून बघायचा तो 'ट्राय आउट'. खायचं ते नुसतं 'ट्राय'. ट्रायल रूम हा शब्द आपल्याकडचा. इंग्लंड-अमेरिकेत 'फिटिंग रूम' विचारा.

आता तीन मराठी शब्द, ज्यांची इंग्रजीत सतत सरमिसळ होते. बसतंय का, खुलतंय का, त्यावर जातंय का. मापाला बसणं म्हणजे 'फिट': 'इट डझन्ट फिट मी'. अंगावर खुलणं म्हणजे 'सूट': 'द कलर सूट्स यू'. या साडीवर हे ब्लाउज जाईल का, याला 'गो विथ': 'डझ धिस ब्लाउज गो विथ द सारी?' तंग कपड्याला 'इट इज नॉट सूटिंग मी' म्हटलं की दुकानदार माप बदलून न देता रंग बदलून देतो. चूक अशी महाग पडते.

किमतीला 'व्हॉट इज द रेट?' आपल्याकडे चालतं, बाहेर 'रेट' व्याजाला, चलनाला, तासाच्या मजुरीला. 'हाऊ मच इज इट?' पुरतं. अहिराणीत 'कितलाले?' म्हणतो तेवढंच ते लहान आहे. 'द प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह' नको. वस्तू 'एक्स्पेन्सिव्ह' असते, किंमत 'हाय' असते. विकणाऱ्याने आपल्याच मालाला 'चीप' म्हणू नये, त्यात हलक्या प्रतीचा वास येतो. 'रीझनेबल' किंवा 'गुड व्हॅल्यू' म्हणावं.

घासाघीस म्हणजे 'हॅगल ओव्हर द प्राइस'. 'बार्गेन' क्रियापद म्हणूनही चालतं, पण नाम म्हणून 'अ बार्गेन' म्हणजे स्वस्तात मिळालेली चांगली वस्तू. 'नो बार्गेन' अशी पाटी लावली तर दुकानात स्वस्त काही नाही असा अर्थ निघतो. 'फिक्स्ड प्राइसेस' लिहा. गिऱ्हाइकाचं 'लास्ट रेट बोला' म्हणजे 'इज दॅट युवर बेस्ट प्राइस?' किंवा 'कुड यू नॉक अ बिट ऑफ?' दोनशे कमी करायला 'नॉक टू हंड्रेड ऑफ'. गिऱ्हाइकाने दुकानदाराला बाराशेवरून नऊशेवर आणलं: 'शी बीट हिम डाउन टू नाइन हंड्रेड'. दुकानदाराने भाव न सोडता वर ब्लाउजपीस दिला तर 'ही थ्र्यू इन अ ब्लाउज पीस'. भाजीवर कोथिंबीर फुकट मिळते तेही 'थ्रो इन'च.

महाग लावलं असं वाटलं तरी समोरच्याला 'यू आर रिपिंग मी ऑफ' म्हणू नका. आपल्याकडे 'टोपी घालतोस का' म्हटल्यासारखं तोंडावर बसतं. 'दॅट्स मोर दॅन आय वॉन्टेड टू स्पेंड' म्हटलं की भाव उतरायला जागा राहते. 'रिप-ऑफ' घरी आल्यावर सांगायचा शब्द.

माल संपला तर कर्ता बघा. दुकान कर्ता असेल तर 'वी हॅव सोल्ड आउट ऑव्ह साइझ फॉर्टी', माल कर्ता असेल तर 'साइझ फॉर्टी हॅज सोल्ड आउट'. घरात साखर संपली: 'वी हॅव रन आउट ऑव्ह शुगर'. 'शुगर हॅज रन आउट'ही बरोबर. फक्त 'वी आर फिनिश्ड द शुगर' नको.

पैसे देताना 'पे बाय कार्ड', पण रोख 'इन कॅश'. 'बाय कॅश' इकडे रुळलंय, परीक्षेत टाळा. सुट्टे आहेत का, याला 'लूज' नाही, 'डू यू हॅव चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड?' किंवा 'कॅन यू ब्रेक अ फाइव्ह हंड्रेड?'

आमच्या गल्ल्यावर रक्कम चढवतात त्याला 'रिंग अप'. १८७९ मध्ये अमेरिकेत डेटन गावी पहिलं कॅश रजिस्टर तयार झालं. पुढे अशा यंत्रांत विक्रीची नोंद झाली की घंटी वाजू लागली, तो आवाज या शब्दात राहिला. आज स्कॅनर 'टुट' करतो तरी 'आय विल रिंग दॅट अप फॉर यू' म्हणतात.

रावेर_केळीपट्टा

भाजी-फळाचे शब्द कुणी लिहिले नाहीत म्हणून. काकू परदेशी जाणार असतील तर त्यांना हेच आधी लागेल.

केळी. आपण घड, फणी आणि केळं म्हणतो. व्यापारात घड म्हणजे 'बंच', फणी म्हणजे 'हँड', सुटं केळं म्हणजे 'फिंगर'. निर्यातीच्या कागदांवर 'हँड' वाचून हाताचं काय असं कुणाला वाटू नये. पण किरकोळ दुकानात कुणी 'हँड' म्हणत नाही; तिथे पाच-सहा केळ्यांच्या गुच्छालाच 'अ बंच ऑव्ह बनानाज' म्हणतात. म्हणजे मळ्यातला 'बंच' दोन माणसांनी उचलायचा आणि दुकानातला 'बंच' एका पिशवीत. पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या मुलांना दोन्ही शिकवा.

'अ डझन बनानाज', यात 'ऑव्ह' नाही. 'हाफ अ डझन', 'हाफ अ किलो ऑव्ह', पावशेर म्हणजे 'टू हंड्रेड अँड फिफ्टी ग्रॅम्स ऑव्ह'. कोथिंबिरीची जुडी 'अ बंच ऑव्ह', लसणाचा गड्डा 'अ बल्ब' आणि पाकळी 'अ क्लोव्ह'. हा 'क्लोव्ह' लवंगेलाही आहे, तेव्हा 'टू क्लोव्ह्ज ऑव्ह गार्लिक' असं पूर्ण बोला.

वांगं 'ब्रिंजल' म्हणून मागितलं तर बाहेर बहुतेकांना कळत नाही. ब्रिटनमध्ये 'ओबर्जीन', अमेरिकेत 'एगप्लँट'. भेंडी 'ओक्रा', 'लेडीज फिंगर' नाही. ढोबळी मिरची 'पेपर', रंग सांगून. शेंगदाणे 'पीनट्स'. दही 'प्लेन योगर्ट'. 'कर्ड' म्हटलं तर ब्रिटनमध्ये बरणीत भरलेलं लिंबाचं गोड 'लेमन कर्ड' हाती येऊ शकतं.

आणखी एक. भरीत पार्टीला सगळे वर्गणी काढतात, त्याला 'चिप इन'. 'वी ऑल चिप्ड इन', 'ईच ऑव्ह अस चिप्ड इन अ हंड्रेड अँड फिफ्टी'. टीटीएमएमला 'स्प्लिट द बिल'. आज मी देतो याला 'इट्स ऑन मी'.

गिरणाकाठ

भुसावळचे सर, काउंटरदादा, रावेरचे भाऊ, मनापासून आभार. जोराची खूण आजच वर्गात चालवून बघितली, 'फॉर' गिळला जातो हे मुलांच्या लगेच कानात बसलं. दोन शंका आहेत. उधार, उसने, कर्ज, हप्ता या चौघांचं इंग्रजीत काय करायचं? मुलं चौघांनाही 'लोन' म्हणतात. आणि काकूंसाठी, घेतलेली वस्तू परत करताना काय काय बोलावं लागतं?

खातेवही_नंदुरबार

ताई, पहिल्या शंकेपुरतं मी लिहितो.

उसने घेणं 'बॉरो', देणं 'लेंड'. मराठीत शब्द एकच आणि घेणं-देणं क्रियापदाने कळतं, म्हणून इथे गोंधळ होतो. 'कॅन यू बॉरो मी' ही चूक त्यातूनच येते. खूण शब्दयोगीची ठेवा: 'बॉरो फ्रॉम', 'लेंड टू'. दुकानातली उधारी म्हणजे 'बाय ऑन क्रेडिट'. इथे रोख हातात येत नाही, माल येतो, म्हणून 'लोन' नाही. संस्थेकडून घेतलेलं ते 'लोन', आणि ते काढतात: 'टेक आउट अ लोन'. उधारी वाढत गेली तर 'रन अप अ बिल', 'रन अप अ डेट'.

हप्त्याने घेणं 'पे इन इन्स्टॉलमेंट्स'. ईएमआय हा शब्द भारताबाहेर ग्राहकाला फारसा ओळखीचा नाही, तिथे 'मंथली पेमेंट्स'. सुरुवातीला भरायची रक्कम 'डाउन पेमेंट', आणि क्रिया 'पुट डाउन': 'वी पुट ट्वेंटी थाउजंड डाउन ऑन द बाइक'. ब्रिटनमध्ये 'डिपॉझिट'ही म्हणतात. हप्ते थकले: 'फॉल बिहाइंड ऑन द पेमेंट्स'. वेळेवर चालले: 'कीप अप विथ'. मुदतीआधी मिटवलं: 'पे इट ऑफ अर्ली'.

या शेवटच्यावर अधिक लिहितो, कारण इथे खरा धोका आहे. आपल्या बँकांत मुदतीआधी कर्ज मिटवण्याला 'फोरक्लोजर' म्हणतात, अर्जांवर तसंच छापलेलं असतं. ब्रिटन-अमेरिकेत 'फोरक्लोजर' म्हणजे हप्ते थकले म्हणून सावकाराने घर ताब्यात घेणं. इथे अभिमानाने सांगायची गोष्ट, तिथे नामुष्कीची. तिकडच्या बँकेत किंवा घरमालकाच्या अर्जात 'आय फोरक्लोज्ड माय लोन' लिहिलं तर समोरचा तुमच्याबद्दल भलताच समज करून घेईल. 'आय पेड ऑफ माय लोन अहेड ऑव्ह शेड्यूल' लिहायचं.

बचतीचे चार शब्द जोडून द्या, नाहीतर धडा नुसता खर्चाचाच होईल. एखाद्या गोष्टीसाठी साठवणं 'सेव्ह अप फॉर'. दर महिन्याला ठरावीक बाजूला काढणं 'सेट असाइड' किंवा 'पुट असाइड'. त्यात हात घालावा लागणं 'डिप इंटू द सेव्हिंग्ज', हे गरजेने आणि थोडंसं. खर्चाने बचत हळूहळू कुरतडली जाणं 'ईट इंटू'. पोटाला चिमटा घेऊन साठवणं 'स्क्रिम्प अँड सेव्ह'. तेवढ्यात कसंबसं भागवणं 'गेट बाय ऑन', आणखी ओढाताण असेल तर 'स्क्रेप बाय'. 'लिव्ह ऑन' पगारावर, पेन्शनवर. 'लिव्ह ऑफ' मध्ये बऱ्याचदा दुसऱ्याच्या जिवावर अशी छटा येते, म्हणून वडिलांच्या पेन्शनवर घर चालतं असं सांगताना 'वी लिव्ह ऑन माय फादर्स पेन्शन'.

सराफाकडची मोड, म्हणजे जुना दागिना देऊन नवा घेणं, याला 'एक्स्चेंज' सगळ्यात सरळ. गाडी-फोनला 'ट्रेड इन'. घडणावळ 'मेकिंग चार्जेस' हा आपल्याकडचा रुळलेला शब्द, तोच ठेवा.

काउंटर_धुळे

परत करण्याचं मी सांगतो, ताई. काकूंना आधी 'बिल' आणि 'रिसीट' वेगळे करून द्या. पैसे देण्याआधी हाती येतं ते 'बिल', दिल्यानंतर मिळते ती 'रिसीट'. परत करायला 'रिसीट' लागते. अमेरिकेत तर नोटेलाही 'बिल' म्हणतात आणि हॉटेलातल्या बिलाला 'चेक'.

परत नेणं 'टेक इट बॅक'. गंमत अशी की दुकानाने परत घेणंही 'टेक इट बॅक'च. दुकानदार मात्र गिऱ्हाइकाला 'ब्रिंग इट बॅक विदिन थर्टी डेज' म्हणेल, कारण तो 'इकडे आणा' सांगतोय. टपालाने असेल तर 'सेंड इट बॅक'.

काउंटरवर काकूंनी म्हणायचं: 'आय वुड लाइक टू रिटर्न धिस. हिअर इज द रिसीट.' कारण विचारतील. 'इट डझन्ट फिट', 'इट इज फॉल्टी', 'आय हॅव चेंज्ड माय माइंड', यांपैकी एक. फॉल्टी म्हणजे मालातच दोष. नुसतं मन बदललं असेल तर 'फॉल्टी' म्हणू नये, कारण दोन्हींचे नियम वेगळे असतात आणि ते वस्तू उघडून बघतात. मग पुढचा प्रश्न येतो: 'वुड यू लाइक अ रिफंड ऑर ॲन एक्स्चेंज?' पैसे परत हवेत तर 'रिफंड'. बदलून हवं तर 'आय वुड लाइक टू एक्स्चेंज इट फॉर अ लार्जर साइझ'. इथे 'फॉर', 'विथ' नाही. 'रिप्लेस'ला मात्र 'विथ'. पैशांऐवजी त्याच दुकानात वापरायची चिठ्ठी देत असतील तर ती 'क्रेडिट नोट', अमेरिकेत 'स्टोअर क्रेडिट'. नको असेल तर आधीच विचारावं: 'कॅन आय हॅव द मनी बॅक ऑन माय कार्ड?'

अमेरिकेत जाणाऱ्यांना अजून एक सांगा. आपली एमआरपी सगळे कर धरून असते, ब्रिटनमध्ये दुकानातल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीकर गल्ल्यावर वर लागतो, त्यामुळे चिठ्ठीवर दहा डॉलर असले तरी 'दॅट कम्स टू' नंतरचा आकडा जास्त येतो. ती लुबाडणूक नाही. वाद घालायची गरज नाही.

भुसावळ_व्याकरण

काउंटरदादांच्या लिखाणात एक भर. 'फॉर सेल' म्हणजे विकायला आहे. 'ऑन सेल' ब्रिटनमध्ये बहुधा विक्रीला उपलब्ध, अमेरिकेत सवलतीत. ब्रिटनमध्ये सवलत सांगायची तर 'इन द सेल'. पाटीवर 'ट्वेंटी पर्सेंट ऑफ', वाक्यात 'अ ट्वेंटी पर्सेंट डिस्काउंट ऑन शूज'.

ताई, तासाची आखणी हवी असेल तर: एका तासात आठपेक्षा जास्त जोड्या घेऊ नका, आणि एकाच क्रियापदाच्या सगळ्या जोड्या एका दिवशी अजिबात नकोत. 'पे बॅक', 'पे ऑफ', 'पे अप' एकत्र शिकवले की आठवड्याने तिन्ही एकमेकांत मिसळतात. प्रसंगाने बांधा. पहिल्या दिवशी कपड्याचं दुकान: 'लुक फॉर', 'ट्राय ऑन', 'गो विथ', 'नॉक ऑफ', 'थ्रो इन', 'कम टू', 'पे फॉर', 'टेक बॅक'. दोन-दोनच्या जोड्या करा, एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, आणि वस्तूचं नाव फक्त पहिल्यांदा घ्यायची मुभा द्या. त्यानंतर 'इट' आणि 'देम'च वापरायचे. नाव घेता येत असेल तोवर 'ट्राय ऑन द शर्ट' म्हणून मुलं निसटतात; नाव काढून घेतलं की 'ट्राय इट ऑन' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. पाच मिनिटांनी भूमिका बदला. 'पे'ची बाकी भावंडं पुढच्या आठवड्यात, एका दिवशी एकच.